आकडा नंतर, आधी कागद: अपघाती मृत्यूंची सरकारी पुस्तकं कशी वाचावीत

माझी भाची नेरूळला पब्लिक हेल्थ शिकते. गेल्या पावसाळ्यात एका रविवारी ती आमच्या कोपरीच्या घरी आली. पाठीवर लॅपटॉपची बॅग, हातात गळकी छत्री, आणि चपला काढता काढताच तक्रार सुरू. "मावशी, २०२२ साली देशात रस्त्यावर किती माणसं गेली याचे दोन आकडे आहेत गं. दोन्ही सरकारी. एक म्हणतो १,७१,१००, दुसरा म्हणतो १,६८,४९१. खरा कुठला धरू?"

"आधी पाय पूस. दोन्ही खरे आहेत. आणि दोन्ही कमी आहेत."

ते कसं, हे सांगण्यात ती दुपार गेली आणि पुढचे तीन रविवारही गेले. मी ठाण्यातल्या एका रुग्णालयाच्या रेकॉर्ड सेक्शनमध्ये सत्तावीस वर्षं काढली. घरी गेलेल्यांचे आणि देवाघरी गेलेल्यांचे पेपर लावायचे, त्यांवर आयसीडीचा, म्हणजे आजार-दुखापतींच्या आंतरराष्ट्रीय यादीतला, कोड टाकायचा, महिन्याची बेरीज करून वर पाठवायची. मी डॉक्टर नाही, संख्याशास्त्रही शिकलेली नाही. पण देशाच्या तक्त्यात छापून येणारा आकडा मुळात कसल्या कागदातून निघतो, ते माझ्या हाताखालून गेलंय. भाचीला सांगितलं तेच इथे लिहिते. प्रबंधासाठी, बातमीसाठी, किंवा सोसायटीच्या ग्रुपवर कुणी "बघा किती मेले" असं फॉरवर्ड केलं तर त्याला उत्तर द्यायला उपयोगी पडेल.

पुस्तक कुणाच्या हातचं ते बघा

आपल्याकडे दुखापतीने होणाऱ्या मृत्यूंचे चार वेगवेगळे हिशेब आहेत आणि ते लिहिणारे हातही वेगळे आहेत.

पहिला राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचा, म्हणजे एनसीआरबीचा. 'अपघाती मृत्यू आणि आत्महत्या' या नावाचं त्यांचं वार्षिक पुस्तक १९६७ पासून निघतंय. सगळा माल पोलीस ठाण्यातला. भाचीचा १,७१,१०० हा यातला.

दुसरा रस्ते वाहतूक मंत्रालयाचा. माहिती पोलिसांचीच, पण नमुना वेगळा आणि वर जायची वाटही वेगळी. अपघातानंतर तीस दिवसांच्या आत माणूस गेला तर तो रस्त्याचा बळी, ही त्यांची व्याख्या. १,६८,४९१ हा त्यांचा. दोन वाटांनी गेलेल्या बेरजा एका आकड्यापर्यंत जुळल्या असत्या तर मलाच संशय आला असता. शिवाय मंत्रालय जुने आकडे मागाहून दुरुस्त करतं. २०२० सालचे मृत्यू आधी १,३१,७१४ छापले होते, पुढच्या पुस्तकात तेच १,३८,३८३ झाले. म्हणून मागच्या वर्षांची रांग लावायची असेल तर ती सगळ्यात नव्या पुस्तकातून उचलायची. जुन्या पुस्तकातलं एक साल आणि नव्यातलं एक साल शेजारी ठेवलंत तर जी चढ-उतार दिसेल ती छापखान्यातली असेल.

तिसरा हिशेब जन्म-मृत्यू नोंदणीचा. मृत्यूचं कारण डॉक्टरांनी प्रमाणित करायचं, त्याचा फॉर्म ४. माझं आयुष्य या फॉर्मवर गेलं. पण देशात जेवढे मृत्यू नोंदले जातात त्यांतल्या चार-पाचांपैकी एकालाच असं प्रमाणित कारण मिळतं, आणि तेही बहुतेक शहरातल्या रुग्णालयांतून. मुरबाडच्या पाड्यावर साप चावून माणूस घरीच गेला तर तो यात कुठून येणार?

म्हणून चौथा हिशेब. महानिबंधक कार्यालयाची नमुना नोंदणी पद्धत आहे, एसआरएस म्हणतात तिला. निवडलेल्या वस्त्यांमध्ये घरोघरी जाऊन विचारतात, तुमच्याकडे कोण गेलं, कसं गेलं, आधी काय झालं होतं. ते उत्तर नंतर डॉक्टर वाचतात आणि कारण ठरवतात. यावरच दहा लाख मृत्यूंचा तो मोठा अभ्यास उभा राहिला, इंग्रजीत त्याला मिलियन डेथ स्टडी म्हणतात. त्यातून निघालेलं बघा. २००५ साली रस्त्यावरचे मृत्यू सुमारे १,८३,६००, पोलिसांच्या आकड्याच्या दीडपटीहून जास्त. त्यांत पायी चालणारे सुमारे ६८,०००. आत्महत्या २०१० साली सुमारे १,८७,०००, पोलिसांकडे तेव्हा १,३४,५९९. सर्पदंशाने २००० ते २०१९ या काळात वर्षाला सरासरी ५८,०००. जागतिक आरोग्य संघटनेनेही २०१६ साठी भारताने कळवलेला रस्त्यावरचा आकडा १,५०,७८५ दिला आणि शेजारी स्वतःचा अंदाज मांडला: २,९९,०९१.

भाचीचा चेहरा पडला. "मग पोलिसांचं पुस्तक फेकूनच द्यायचं का?"

अजिबात नाही. दरवर्षी येतं, राज्यवार येतं, आणि लिहिण्याची पद्धत बदलली नसेल तर कल सांगतं. वजनकाटा दोन किलो कमी दाखवत असला तरी तुमचं वजन वाढतंय की घटतंय ते त्यावर कळतंच. मधेच काटा बदलला असेल तर मात्र नाही. तेवढं हुडकायचं.

फॉर्म ४ वरच्या तीन ओळी

एक पेपर सांगते. नाव-गाव सांगणार नाही.

सत्याहत्तर वर्षांच्या आजी. पहाटे उठल्या, मोरीत पाय घसरला, खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, घरी गेल्या. झोपून झोपून पाठीला जखम झाली, मग छातीत कफ भरला. एकोणिसाव्या दिवशी परत आणल्या आणि दोन दिवसांत गेल्या. माझ्या टेबलावर फॉर्म आला. भाग एक, (अ) कार्डिओ-रेस्पिरेटरी अरेस्ट. (ब) न्यूमोनिया. (क) कोरं. खाली भाग दोनमध्ये तिरक्या अक्षरात: ओल्ड एज, फ्रॅक्चर फीमर.

हृदय आणि श्वास बंद पडणं हे मृत्यूचं कारण नव्हे, तो मृत्यूच. सगळ्यांचंच बंद पडतं. फॉर्म खालून वर वाचायचा असतो: ज्या गोष्टीपासून ही साखळी सुरू झाली ती सगळ्यात खाली. इथे सुरुवात मोरीत झाली होती. मी फॉर्म घेऊन वॉर्डात गेले. निवासी डॉक्टर पोरगेलासा, आदल्या दिवशी सकाळपासून ड्यूटीवर.

"डॉक्टर, हाड कशाने मोडलं?"

"पडल्या होत्या ना त्या."

"मग ते कुठे लिहिलंय?"

त्याने माझ्याकडे बघितलं, पेन काढलं आणि (क) मध्ये एक ओळ लिहिली: घरी मोरीत घसरून पडल्याने खुब्याचं हाड मोडलं. त्या ओळीमुळे त्या आजींना डब्ल्यू ०१ हा कोड मिळाला, घसरून पडणे, आणि पुढचं शून्य म्हणजे घरात. ती ओळ नसती तर एकतर न्यूमोनिया, नाहीतर एक्स ५९, म्हणजे दुखापत झाली पण कशाने ते माहीत नाही. प्रत्येक फॉर्ममागे मी वॉर्डात जाऊ शकत नव्हते. तेव्हा किती आज्या न्यूमोनियात गेल्या असतील ते तुम्हीच ताडा.

यातून वाचणाऱ्याने करायचं ते एवढं. आयसीडी-१० मध्ये दुखापतीचे दोन गट आहेत. एस आणि टी या अक्षरांचे कोड काय मोडलं, काय भाजलं ते सांगतात. व्ही, डब्ल्यू, एक्स, वाय हे कशाने ते सांगतात: व्ही वाहतूक, डब्ल्यू ०० ते १९ पडणं, डब्ल्यू ६५ ते ७४ बुडणं, एक्स ०० ते ०९ आग, एक्स २० विषारी साप. कल बघायचा तो या दुसऱ्या गटावरून. आणि कुठलाही तक्ता उघडला की एक्स ५९ किती फुगलाय ते आधी बघायचं. तो कमी होत असेल आणि त्याच वर्षांत 'पडणे' वाढत असेल, तर माणसं जास्त पडायला लागली असं लिहायची घाई करू नका. फॉर्म नीट भरायला लागले असतील.

पोलिसांच्या पुस्तकातही 'पडून मृत्यू' हा रकाना आहे. त्यात मुख्यतः कोण येतात? परांचीवरून पडलेला रंगारी, बाल्कनीतून पडलेलं पोर. कारण तिथे पोलीस येतात, एडीआर होतो, म्हणजे अकस्मात मृत्यूची नोंद. मोरीत पडून तीन आठवड्यांनी गेलेल्या आजींसाठी पोलीस ठाण्यात कोण जातं? म्हणून पोलिसांच्या तक्त्यातून 'पडण्याचा धोका तरुण पुरुषांना' असा निष्कर्ष काढणाऱ्याला मी चहा देणार नाही.

'कोण' वर विश्वास ठेवा, 'का' वर जपून

मंत्रालयाच्या पुस्तकात २०२२ सालच्या रस्त्यावरच्या मृत्यूंपैकी ४४.५ टक्के दुचाकीवरचे, १९.५ टक्के पायी चालणारे. हे मी मानते. मेलेला माणूस स्कूटरवर होता की नाही, हे लिहिताना फारसं मत लागत नाही. तरी गर्दीत पायी चालणारा थोडाफार निसटतोच.

त्याच पुस्तकात ७१.२ टक्के मृत्यू अतिवेगाने, असंही आहे. आता फिर्याद कशी लिहितात ते आठवा: "सदर चालकाने आपल्या ताब्यातील वाहन भरधाव वेगात, हयगयीने व अविचाराने चालवून..." ठाण्यातल्या कुठल्याही फिर्यादीत हे वाक्य तोंडपाठ असल्यासारखं येतं. कलम लावायचं तर चालकाची चूक हवी. रस्त्याचा खड्डा, बंद पडलेला दिवा, मेट्रोच्या कामाचा उघडा पत्रा यांच्यावर हयगयीचं वाक्य बसत नाही. घोडबंदर रोडवरून पावसात एकदा दुचाकीवर मागे बसून जा, मग सांगा मला कारणांचा तक्ता कसा वाचायचा ते. वेग खोटा आहे असं मी म्हणत नाही. वेगाने माणसं मरतातच. पण ७१ टक्के हा आकडा रस्त्याने लिहिलेला नाही, रायटर हवालदाराने, म्हणजे चौकीत कागद लिहिणाऱ्याने, लिहिलाय, एवढं ध्यानात ठेवून तो वापरायचा.

अपघात, आत्महत्या, आणि राखून ठेवलेलं मत

इथे मी जरा जास्त वेळ घेणार आहे, कारण सगळ्यात जास्त चुका इथेच होतात.

कुणी अनैसर्गिक गेलं की पोलीस पंचनामा करतात. पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम १७४ होतं, १ जुलै २०२४ पासून नव्या संहितेचं १९४. शवविच्छेदनात कारण स्पष्ट नसेल तर डॉक्टर मत राखून ठेवतात आणि व्हिसेरा, म्हणजे पोटातल्या अवयवांचे नमुने, रासायनिक तपासणीला जातो. आमच्याकडचा कलिन्याच्या सरकारी प्रयोगशाळेत जायचा. त्या तपासणीचा, म्हणजे सीए रिपोर्ट यायला महिने लागतात. तोवर वर्ष संपतं, बेरीज वर जाते, आणि आमच्या फॉर्मवर मृत्यूचा प्रकार 'तपास सुरू' असाच राहतो. रिपोर्ट आल्यावर कुणी मागे जाऊन तो रकाना बदलतं का? मी दोन-तीनदा बदललाय. त्यासाठी फाइल शोधून दिली म्हणून शिपायाला भजी खिलवलीत.

म्हणून आयसीडीवरून आत्महत्यांचा कल बघताना एक्स ६० ते ८४ एवढंच उचलू नका. शेजारी वाय १० ते ३४ ठेवा, हेतू ठरला नाही असे मृत्यू. आणि ज्या साधनाने अपघातही होतो आणि आत्महत्याही, त्याचा अपघाताचा रकानाही ठेवा. तिन्ही एकत्र हलतायत की एकातून दुसऱ्यात सरकतायत ते दिसेल.

एका रकान्यातून दुसऱ्यात सरकण्यामागे माणसांची कारणंही असतात. लोकलमधून पडून गेलेल्या प्रवाशाच्या घरच्यांना रेल्वे कायद्याच्या कलम १२४अ खाली भरपाई मिळते. आत्महत्या ठरली तर मिळत नाही. अपघात विम्याचं तसंच. आणि लाज असतेच, "आमच्यात असं कुणी केलं नाही" म्हणणारे काका प्रत्येक खानदानात एक असतात.

भाजलेल्या बायकांचं तर वेगळंच. मी नोकरीला लागले तेव्हा पेपरवर एकच वाक्य असायचं: स्वयंपाक करताना स्टोव्हचा भडका उडून. वीस-बावीस वर्षांच्या मुली. लग्नाला सात वर्षं झाली नसतील तर दंडाधिकाऱ्यांकडून चौकशी, जबाब, आणि जबाबातही तेच वाक्य. संशोधकांनी २००१ सालासाठी वेगवेगळे स्रोत जुळवून अंदाज काढला तेव्हा देशात आगीने सुमारे १,६३,००० मृत्यू निघाले, पोलिसांच्या आकड्याच्या सहापट. त्यांत सुमारे १,०६,००० बायका, बहुतेक १५ ते ३४ वयाच्या. खरंच स्टोव्ह इतके वाईट असते तर त्याच घरातल्या सासूबाईही भाजून यायला हव्या होत्या. त्या क्वचितच यायच्या. वय आणि लिंग यांचा तक्ता मांडला की असं न लिहिलेलं बाहेर येतं. म्हणून एकूण आकड्यावर कधी थांबू नका, वयोगट आणि बाई-पुरुष एवढं तरी फोडून बघा.

एनसीआरबीच्या २०२२ च्या पुस्तकात आत्महत्या १,७०,९२४. त्यांत ४८,१७२ बायका, आणि त्यांतल्या २५,३०९ गृहिणी. म्हणजे निम्म्याहून जास्त. कारणांमध्ये 'कौटुंबिक समस्या' ३१.७ टक्के आणि 'आजार' १८.४ टक्के. या कारणांवर लेख लिहिणाऱ्यांना हात जोडून विनंती, की हा रकाना एका दुपारच्या जबाबावरून भरलेला असतो. माणूस एकाच कारणाने जात नाही, रकाना मात्र एकच टिक घेतो. आणि असं काही लिहाल तेव्हा कसं केलं याचे तपशील देऊ नका, टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक द्या.

हद्द: ठाण्याचं ठाणं कुठवर?

भाचीला देशाच्या कलाशेजारी आपल्या जिल्ह्याची रेघ काढायची होती. मी म्हटलं, काढ, पण आधी नकाशा घेऊन बस.

१ ऑगस्ट २०१४ ला पालघर वेगळा झाला. जनगणना २०११ मध्ये ठाणे जिल्ह्याची लोकसंख्या १,१०,६०,१४८ आहे ती पालघर धरून. त्यानंतरचे मृत्यू त्या लोकसंख्येने भागलेत तर ठाणं एका रात्रीत सुरक्षित झाल्यासारखं वाटेल.

मग पोलिसांच्या हद्दी. जिल्ह्यातलंच मीरा-भाईंदर २०२० पासून वसई-विरारबरोबर वेगळ्या आयुक्तालयात गेलं. त्या साली ठाणे ग्रामीणचा आकडा खाली आला तर तो कोरोनाने किती आणि या बदलाने किती, हे सोडवल्याशिवाय पुढे जाऊ नका. नवी मुंबई आयुक्तालयात बेलापूर-वाशी आहे, आणि पनवेल-उरणही आहे, जे रायगड जिल्ह्यात येतं. म्हणजे 'नवी मुंबई' हा शब्द महापालिकेच्या तक्त्यात एक आणि पोलिसांच्या तक्त्यात दुसरा. भाची स्वतः खारघरला राहते. ती मेली (हे तिचंच वाक्य, मी टपली मारली) तर पोलीस नवी मुंबईचे, जिल्हा रायगड.

आणि एनसीआरबीच्या ५३ महानगरांच्या यादीत ठाणं शोधू नका. वसई-विरारला स्वतंत्र ओळ आहे, आपल्याला नाही.

रेल्वेचं चौथंच. रुळांवरचा कागद लोहमार्ग पोलिसांचा. ९ जून २०२५ ला सकाळी मुंब्र्याजवळच्या वळणावर दोन गाड्यांतून माणसं पडली, सगळ्या देशाने बातमी बघितली. तेही मृत्यू ठाणे शहर पोलिसांच्या बेरजेत शोधलेत तर सापडणार नाहीत.

शिवाय मृत्यूची नोंद होते ती जिथे जीव गेला तिथे. कसारा घाटात गाडी उलटली, शहापूरहून ठाण्याला पाठवलं, ठाण्याहून मुंबईला, आणि माणूस मुंबईत गेला, तर मृत्यूचा दाखला मुंबईचा. मोठी रुग्णालयं असलेल्या शहरांचे आकडे त्यामुळे फुगतात आणि खेडी निरोगी दिसतात.

भागाकार, आणि पहिलं वर्ष कुठलं धरलं

हे थोडक्यात, कारण गणित सातवीचं आहे. एनसीआरबीचे अपघाती मृत्यू: २०१५ मध्ये ४,१३,४५७, २०१९ मध्ये ४,२१,१०४, २०२० मध्ये ३,७४,३९७, २०२२ मध्ये ४,३०,५०४. आता २०२० पासून मोजा: दोन वर्षांत १५ टक्के वाढ, मथळा तयार. २०१९ पासून मोजा: जेमतेम सव्वादोन टक्के. २०२० ला लोक घरात होते, गाड्या उभ्या होत्या. तो खड्डा आहे, पायथा नव्हे. आणि दर लाख लोकसंख्येमागे बघितलंत तर २०१५ चा दर ३२.८ आणि २०२२ चा ३१.२. संख्या वाढली, दर उतरला.

आत्महत्यांचं उलट आहे. २०१९ मध्ये १,३९,१२३ आणि दर १०.४, २०२२ मध्ये दर १२.४. तिथे भागाकार करूनही वाढ उरते. म्हणजे ती लोकसंख्येची नाही, आणि तिच्याकडे गंभीरपणे बघायला हवं.

काटा बदलला का?

सगळ्यात प्रसिद्ध उदाहरण शेतकरी आत्महत्यांचं. एनसीआरबीच्या पुस्तकात २०१३ साली ११,७७२, आणि २०१४ साली ५,६५०. एका वर्षात निम्म्याहून कमी! तेव्हा टीव्हीवर काही जण खूश झाले होते. त्या वर्षी तक्ता बदलला होता. शेतकरी वेगळे आणि शेतमजूर वेगळे केले, आणि शेतमजुरांच्या रकान्यात ६,७१० होते. दोन्हींची बेरीज १२,३६०. माणसं वाचली नव्हती, दुसऱ्या रकान्यात जाऊन बसली होती. कुठल्याही रांगेत असा कडा दिसला की आधी त्या वर्षीच्या पुस्तकाची सुरुवातीची पानं वाचा, जी कुणी वाचत नाही. तक्त्याची डोकी दोन्ही वर्षांची शेजारी ठेवा. 'इतर' हा रकानाही बघा. एखाद्या वर्षी तो अचानक सुजला किंवा वाळला असेल तर कुठेतरी वर्गवारी हलली आहे.

केरळ आणि उत्तर प्रदेश

शेवटच्या रविवारी मी भाचीला एक कोडं घातलं. २०२२: केरळमध्ये रस्त्यावर अपघात ४३,९१०, मृत्यू ४,३१७. उत्तर प्रदेशात अपघात ४१,७४६, मृत्यू २२,५९५. सांग, कुठे धोका जास्त?

"उत्तर प्रदेश. दोन अपघातांमागे एकाहून जास्त मृत्यू."

"केरळमध्ये किरकोळ अपघातही लिहितात म्हणून तुला तसं दिसतंय. यूपीत मेल्याशिवाय कागद होत नाही असं धर. आता लोकसंख्येने भाग."

केरळ साधारण साडेतीन कोटी, यूपी साधारण साडेतेवीस. तिने फोनवर केलं आणि गप्प बसली. केरळ लाखामागे बारा, यूपी साडेनऊ. पारडं फिरलं.

"म्हणजे केरळ वाईट?"

"केरळमध्ये माणशी गाड्या किती आणि यूपीत किती? गाड्यांनी भाग, पुन्हा फिरेल. आणि यूपीतले मृत्यू तरी सगळे लिहिलेत का?"

प्रश्न काय आहे त्यावर छेद ठरतो. आरोग्यखात्याला किती माणसं गमावली ते हवं असेल तर लोकसंख्या. रस्ता किती घातक ते हवं असेल तर वाहनं किंवा किलोमीटर. शंभर अपघातांमागे मृत्यू हे माप मंत्रालय देतं. २०२२ ला ते देशात ३६.५ होतं. अपघात कमी लिहिले गेले तरी ते वाढतं, म्हणून एकटं वापरू नका.

मग बसायचं कसं

एक्सेल उघडा. वर्ष, संख्या, दर, आणि चौथा रकाना 'शेरा'. शेऱ्यात त्या वर्षी काय बदललं ते लिहा: हद्द, व्याख्या, नमुना, टाळेबंदी. हा रकाना भरायला बाकी तीन रकान्यांच्या दहापट वेळ लागतो आणि तो आलेखात दिसत नाही. निदान दहा वर्षं घ्या. छोट्या जागेचे आकडे असतील, समजा एखाद्या तालुक्यात वर्षाला दहा-बारा मृत्यू, तर एका वर्षाची उडी बघू नका, तीन-तीन वर्षांची सरासरी काढा. एक अपघातग्रस्त जीप तालुक्याचा कल बदलून टाकते. पोलिसांच्या रेघेशेजारी जमेल तिथे दुसरा स्रोत ठेवा. दोन्ही एका दिशेला जात असतील तर धीराने लिहा. वेगळ्या दिशेला जात असतील तर तेच तुमचं लिहिण्याजोगं आहे.

भाचीने ठाण्याच्या आलेखावर २०१४ आणि २०२० ला दोन उभ्या तुटक रेषा मारल्या. परवा तिचा फोन आला. सर म्हणाले, त्या रेषा काढ, आलेख मोडल्यासारखा दिसतो. मी म्हटलं, सरांना शेऱ्याचा रकाना दाखव. तिने दाखवला. सरांनी चष्मा वर करून वाचला आणि विचारलं की पालघरची २०१४ नंतरची रांग वेगळी काढून त्यात मिळवता येईल का, म्हणजे जुनी हद्द धरून एक सलग रेघ होईल. येईल की. मीरा-भाईंदर आणि वसई-विरारचं नवं आयुक्तालयही मिळवावं लागेल मात्र, आणि लोहमार्गवाले वेगळे मागावे लागतील. येत्या रविवारी ती पुन्हा येतेय.